दादा, तू चाखत होतास का?

दादा, तुझ्या पुण्यानुमोदनाला माणसं अंगणात मावली नाहीत. एसटी डेपोतले तुझे सगळे कंडक्टर-ड्रायव्हर झाडून आले होते, काही तर ड्युटीचे कपडे न बदलताच. भंतेजींनी गाथा म्हटल्या, आम्ही पांढरी लुगडी नेसून खाली माना घालून बसलो. सगळं रीतसर झालं. जेवणं उरकत आली आणि तुझा प्रशांत हात धुता धुता, चार माणसांत, मला म्हणाला, "आत्या, तुमी त नर्स हाय. तुमाले त समजाले पायजे होतं."

बस, एवढंच. मग टॉवेलला हात पुसून निघून गेला. पोरगं बापाच्या दुःखात होतं. पण नळापाशी उभ्या सगळ्यांनी ते ऐकलं आणि सगळ्यांना कळलं की तो कशाबद्दल बोलतोय. साखरेच्या आजाराचा माणूस इतकी वर्षं घरात साखर जाळत बसला, चॉकलेटं ओतत बसला, आणि सरकारी दवाखान्यात उभी हयात काढलेली त्याची बहीण त्याला साथ देत राहिली. गोडानं नेलं, असं तुझ्या घरानं ठरवून टाकलंय.

आयुष्यभर मी डॉक्टरांना उलट उत्तरं दिली. तुला माहीत आहे माझं तोंड. त्या दिवशी मात्र मी उष्टी ताटं गोळा करायला लागले. चिमूटभर चाखून कुणी मरत नसतं, माणूस जातो तो पायाच्या जखमेकडे दुर्लक्ष केल्यानं, हे मी त्याला सांगू शकले असते. पण ते सांगून माझाच प्रश्न सुटत नव्हता. मला औषधातलं उत्तर नकोच होतं. मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी होती आणि तू तर निघून गेलास. तू चाखत होतास का, दादा? मला दिलेला शब्द तू पाळलास की माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीस?

शब्द कसा दिला होतास ते तुला आठवण करून देते. तू रिटायर झालास त्या उन्हाळ्यात. रिटायर होण्याच्या जरा आधी तुझी शुगर निघाली होती आणि घरात गोड बंद झालं होतं. बंद म्हणजे असं की वैनीनं साखरेचा डबा कुलपात ठेवला. जो माणूस मूर्तिजापूरच्या थांब्यावर दोन मिनिटांत पाव किलो जिलबी संपवून बेल मारायचा, त्याच्या चहातही साखर नाही. तू चिडका झालास. पेपर फाडून ठेवायचास. आणि एका दिवशी मोबाईलवर कुणा बाईला कॅरमल करताना बघितलंस आणि अमरावतीला मला फोन लावलास.

"पुष्पे, खाता नाई येत त नाई येत. करता त येते ना?"

मी म्हटलं, "बयताड झाला काय रे? उपाशी माणसानं हॉटेल काढावं तसं करून राहिला तू."

"माह्या हातानं लोकायनं खाल्लं त मले बरं वाटन. तू कावून नाई म्हणतं?"

मी नाही म्हटलं नाही. मला माहीत होतं तुझं. ज्याला तीस वर्षं बसभर माणसं लागत होती तो माणूस अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्या बोळातल्या मागच्या खोलीत एकटा बसून पेपर फाडत होता. मी फक्त अट घातली. जिभेवर थेंब ठेवायचा नाही. चव मी बघीन. तू लगेच म्हणालास, "रोज सकाळी पंचशील म्हणतो मी. चौथं शील काय हाये? खोटं बोलणार नाई. तुले शब्द देला." आणि मी सगळ्या घराच्या विरोधात तुझ्या बाजूनं उभी राहिले. वैनीनं त्याच दिवशी जाहीर केलं की या गोष्टीला ती जन्मात तोंड लावणार नाही. तिचा निर्धारही तुझ्याइतकाच पक्का निघाला. तुझ्या घरात वर्षानुवर्षं चॉकलेट झालं आणि तिनं त्याचा तुकडा कधी उचलला नाही.

मग आपली ती पद्धत सुरू झाली. जगात कुणी असं काही करत नसेल. तू पहाटे नमुना करायचास, चारदोन वड्या, त्या स्टीलच्या डब्यात घालायचास, आणि सकाळच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचास. तो कंडक्टर तुझ्या हाताखाली शिकलेला, त्यामुळे त्याची नाही म्हणायची बिशाद नव्हती. बडनेरा सोडलं की तो मला मिस कॉल द्यायचा, मी राजापेठेच्या स्टँडवर जाऊन डबा घ्यायची, तिथंच बाकावर बसून एक वडी तोंडात टाकायची आणि तुला फोन करायची. मी जे सांगेन त्यावर तुझा मोठा घाणा ठरायचा. शेजारीपाजारी होते की तुझ्याकडे, पण तू म्हणायचास, "ते फुकटचं म्हणून मस्त म्हणतेत. तूच एक हाय तोंडावर सांगणारी."

तोंडावर मी सांगितलंच. पहिला डबा उघडला तर चॉकलेटवर पांढरे डाग आणि तोंडात घातलं तर वाळ्याचा वास! माय वं, मला ठसकाच लागला. "दादा, हे चॉकलेट हाय का कूलर?" मग कबूल केलंस की अकोल्याच्या त्या मे महिन्यात चॉकलेट आळेना म्हणून तू ताट कूलरच्या तोंडाशी ठेवलं होतंस, वाळ्याच्या नव्या ताट्या लावलेल्या कूलरच्या. त्या ओल्या वाऱ्यानं चॉकलेट आळलं नाहीच, घामेजलं मात्र. मी बाकावर बसून इतकी हसले की शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढं केली. तू रागावलास. नंतर फोन करून स्वतःच हसत सुटलास. ह्यांना जाऊन तेव्हा वर्ष झालं नव्हतं, दादा. मी घरात भिंतींशी बोलत होते. त्या बाकावर मी किती महिन्यांनी हसले हे मी तुला सांगितलं नाही आणि तू विचारलं नाहीस. पण मला वाटतं, तुला ते कळलं होतं. कारण त्यानंतर डबा येत राहिला, नमुना बघण्यासारखं काही नसलं तरी येत राहिला.

न चाखता तू जे शिकलास त्याचं मला आजही नवल वाटतं. साखर कोरडीच गंजात, त्या जाड पातेल्यात, घालायचास, चमचा न लावता नुसता गंज हलवायचास. रंग मधाचा झाला की थांबायचं नाही, जरा पुढे न्यायची, विटेच्या रंगावर आली की लोणी आणि साय. कडू वासाची सुरुवात तुझ्या नाकाला माझ्या जिभेच्या आधी कळायची. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून बोटानं गोळी वळायचास, चिक्की मोडून कानाशी न्यायचास. "टक आवाज आला पायजे, टुक नाई." मी फोनवर विचारायची, यात फरक काय? तर तू फोनपाशी चिक्की मोडून दाखवायचास. धारणीकडून येणाऱ्या माणसाला सांगून चारोळी मागवायचास. बदामापुढं चारोळीच बरी, असं तुझं ठाम मत होतं. मला आजही ते पटलेलं नाही. चारोळी खिरीत बरी. कॅरमलमध्ये ती हरवून जाते. हे भांडण आता मी एकटीच भांडायचं का?

आणि जयंतीचं ते चॉकलेट! एप्रिलात, त्या उन्हात, वस्तीतल्या सगळ्या पोरांना तुझ्या हातचं चॉकलेट वाटायचं तू मनावर घेतलंस. मी सांगत होते, नको. वैनी सांगत होती, नको. मिरवणूक निघायच्या आतच टोपलीत सगळा चिखल. मी मुद्दाम त्या दिवशी अकोल्याला आले होते. पोट्टे निळे फेटे बांधून कागद चाटत रांगेत उभे, कुणाच्या फेट्याला चॉकलेट, कुणाच्या कानाला. तू डोक्याला हात लावून बसलास. एक चिमुरडी आली आणि म्हणाली, "आजोबा, अजून एक पातळवालं द्या ना." तू तिच्याकडे बघितलंस आणि तुझा चेहरा फुलला. पुढच्या वर्षापासून जयंतीला शेंगदाण्याचं कॅरमल, घट्ट, उन्हाला न भिणारं. दरवर्षी. डेपोतली माणसं परवा जेवताना तेच आठवत होती. त्यांच्या पोरांची पोरं आता ते खातात म्हणे.

डबा मी कधी रिकामा परत केला नाही. आईची रीत. तुझ्या डब्यातून तुला मी जवसाची चटणी पाठवायची, कधी भाजलेले फुटाणे, कधी मेथीचे दाणे भिजवून वाळवून. तू म्हणायचास, "मी तुले कॅरमल पाठवतो आन् तू मले कडू मेथ्या." मी म्हणायची, "ज्याले जे लागते ते."

सगळं चांगलं चाललं होतं, दादा. मग दिवाळीच्या आधी वैनीचा फोन आला.

"पुष्पाबाई, आज म्या डोळ्यानं पायलं. यायनं बोट चाटलं."

मी लगेच तुला फोन लावला, आणि तू काय म्हणालास?

"पाक उडाला बोटावर. भाजलं म्हणून तोंडात गेलं."

"तोंडातच कावून? नळ नव्हता?"

"नळाले पाणी कवा येते अकोल्यात, तुले मालूम नाई?"

"ड्रम भरलेला असते तुह्या खोलीत. मले शिकवतं काय?"

"अवं, भाजल्यावर माणूस ड्रम पायते काय?"

खरं सांगू, भाजल्यावर बोट तोंडात जातंच. दवाखान्यात मी किती बायकांना त्यावरून रागावले असेन. पण त्याच आठवड्यात तुझा रिपोर्ट आला होता आणि आकडा चढलेला होता. मी नर्स. मी रिपोर्टावर विश्वास ठेवला. मी तुला म्हटलं, "तू खोटं बोलून राहिला." तू म्हणालास, "नाई बोलून राहिलो." मी म्हटलं, "पंचशीलाची तरी लाज ठेव." हे मी बोलले. ते शब्द मी परत घेतलेले नाहीत. तुला ऐकवले तेव्हा मला ते खरेच वाटत होते.

संक्रांतीच्या सुमाराला तू फोन केलास. आवाज साधा, जणू मध्ये काही झालंच नाही. "यावेळेस मीठ घातलेलं कॅरमल करून राहिलो. प्रशांतची पोरगी म्हणे, आता तेच चालते. नमुना पाठवतो, खाऊन सांगजो."

मी म्हटलं, "माह्या जिभेचं आता काय काम? तुले तुही जीभ हाय ना."

मागं तुझा तो जुना मिक्सर चालू होता, तो बंद झाल्याचं ऐकू आलं. मग म्हणालास, "बरं." आणि फोन ठेवलास. डबा आला नाही. मीही स्टँडवर गेले नाही. सकाळच्या गाडीच्या वेळेला मी घड्याळाकडे बघायची आणि स्वतःवरच चिडायची. माघार कुणी घ्यावी? तू मोठा होतास, तू घ्यायला हवी होतीस. बापाच्या मागे आपल्या घरात हट्ट तेवढा समान वाटला गेला, बाकी कशाचाच मेळ नव्हता.

त्यानंतरचा फोन आला तो प्रशांतचा, दवाखान्यातून. चप्पल पायाला चावली होती आणि ती जखम तू मोज्यात लपवून हिंडत होतास. किती दिवस, कुणालाच माहीत नाही. मी अकोल्याला पोचले, पट्टी सोडून बघितली आणि मला सगळं कळलं. चाळीस वर्षं असे पाय बघितलेत मी. मी तुझ्यावर ओरडले, दवाखान्यात, सगळ्यांसमोर. "जखम लपवतं? माह्यापासून? अरे, मी कोण हाय तुही?"

तू उशीवरून माझ्याकडे बघितलंस. ताप होता तुला, पण डोळे लख्ख होते. "तू इचारलं असतं त सांगितलं असतं, पुष्पे. तू फक्त चाखलं का तेच इचारत होती."

दादा, हे तू मला बोलायला नको होतंस. किंवा मग बोलायला हवं होतंस आणि तिथंच थांबायला नको होतंस. मी तुझा पाय धुतला, पट्टी बदलली, तुझ्या केसांतून हात फिरवला. त्या तीनचार दिवसांत आपण आईबद्दल बोललो, लहानपणी मोर्णेच्या पुरात वाहून गेलेल्या आपल्या बकरीबद्दल बोललो, चांदूर बाजारच्या मावशीच्या हातच्या सरगुंड्यांबद्दल, त्या काडीवर वळलेल्या शेवयांबद्दल बोललो. कॅरमलचं नाव दोघांनीही काढलं नाही. मी मनाशी म्हणायची, पाय सुधारू दे, मग शांतपणे विचारीन. एकदा तर ओठांवर आलं होतं. तेवढ्यात सिस्टर आली, तुझं बीपी बघायला, आणि मग तुला वर आयसीयूत नेलं, तिथून तू परत आला नाहीस.

म्हणून प्रशांत बोलला तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. जो माणूस जखम लपवतो, तो चाखणंही लपवू शकतो. हा हिशोब माझ्या डोक्यातही होता. सरळ आणि बिनतोड वाटणारा.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. वैनी उठली, पदर खोचला आणि तुझ्या मागच्या खोलीत गेली. हातात गोणपाट. तुझे साचे, तुझं थर्मामीटर, जाड बुडाचे गंज, बटर पेपरची गुंडाळी, सगळं ती त्या गोणीत टाकत होती. तू गेल्यापासून ती रडलीच नव्हती, दादा. बायका येऊन तिच्या गळ्यात पडत होत्या, ती कोरड्या डोळ्यांनी त्यांनाच समजावत होती. मला त्याची भीती वाटत होती. दवाखान्यात अशा बाया मी बघितल्या आहेत, ज्यांच्या चेहऱ्यावर दुःखाच्या जागी संताप असतो. तुझ्यावरचा राग तिच्या पाठीच्या कण्यात बसला होता आणि त्याच्याच जोरावर ती उभी होती.

मी म्हटलं, "वैनी, आजच कशाले?"

"आजच. हे घरातून गेलं पायजे. यानंच खाल्लं यायले."

मीही एका बाजूनं गंज उचलू लागले. आलमारीचा वरचा खण उघडायला ती स्टुलावर चढली, आणि चारोळीच्या बरणीमागून तिनं एक डबा काढून माझ्या हातात दिला. तो आपला डबा होता. नेहमीचा, जाण्यायेण्याचा. जड लागला.

उघडला. आत कॅरमलच्या वड्या. चारदोन नव्हे, डबा भरून. एकेक वडी बटर पेपरात गुंडाळलेली, दोन्ही टोकांना पीळ दिलेला, सगळे पीळ एकाच दिशेनं, तुझी जुनी सवय. मी खालीच बसले. आपलं बोलणं तुटल्यावर तू हे केलं होतंस. नमुना पाठवला नाहीस, कारण चव सांगणारी रुसली होती. तरी अख्खा घाणा घातलास आणि माझ्या डब्यात भरून ठेवलास. पाठवायचा होता की मी येईन म्हणून ठेवला होता, ते आता मला कधीच कळणार नाही.

मी एक वडी सोडली आणि तोंडात टाकली.

पहिल्यांदा लोण्याचा वास आला. विटेच्या रंगाची, बरोब्बर भाजलेली साखर. आणि मग मीठ. दादा, इतकं मीठ! घसा दुखल्यावर गुळण्या करतो त्या पाण्यासारखं. मला ती गिळवेना. मी पदरात थुंकले. वडी कुठं फाटलेली नाही, कडा सरळ, रंग असा की दुकानात मांडावी, आणि चव अशी की कुत्र्यानंही तोंड फिरवावं. मिठाचा चमचा एकदा घातल्याचं विसरून पुन्हा घातलास, की त्या शुगरनं अधू झालेल्या डोळ्यांनी मोठा चमचा उचललास, कोण जाणे. मी दुसऱ्या कोपऱ्यातली वडी सोडली. तीही तशीच. मधली एक काढली. तशीच.

मला हसू फुटलं. मोठ्यानं. वैनी स्टुलावरून वळून बघत राहिली, तिला वाटलं मला वेड लागलं.

"काय झालं वं पुष्पाबाई?"

"वैनी, खाली या. हे खा."

"मी नाई खात. तुमाले मालूम हाय."

"मालूम हाय. पण आज खा. माह्यासाठी खा."

माझा चेहरा बघून ती उतरली असावी. माझ्यासमोर मांडी घालून बसली. मी वडी सोडून तिच्या हातावर ठेवली. तिनं ती बराच वेळ नुसती बघितली. तुझ्या हातचं ती पहिल्यांदा तोंडात घालत होती. चघळलं, आणि तिचं तोंड वाकडं झालं, डोळे मिटले गेले, तिनं चटकन पदर तोंडाला लावला.

"अगं माय! हे काय? हे त नुसतं मीठ हाय."

"हो."

"मंग असं कसं डब्यात भरलं यायनं? आन् इतकं गुंडाळून..."

ती बोलता बोलता थांबली. मी फक्त तिच्याकडे बघत राहिले, कारण माझ्या लक्षात जे आलं होतं ते तिच्याही लक्षात येताना मला दिसत होतं. ज्यानं बोटभर, कणभरही चाखलं असतं, त्यानं हा घाणा तिथंच मोरीत ओतला असता. एकेकाला पीळ घालत बसला नसता. आणि रिपोर्टातला आकडा तर मुरलेल्या जखमेनंही चढतो. वैनीनं हातातल्या कागदाकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, गोणीकडे बघितलं.

"यायनं..." ती म्हणाली, "यायनं तोंडातच नसन घातलं कधी."

"नाई घातलं, वैनी."

"अन् ते बोट?"

"भाजलं होतं."

तिनं मान हलवली. मग तिचे खांदे हलायला लागले. तू गेल्यापासून जे साठलं होतं ते एकदम आलं, आणि ती माझ्या मांडीवर डोकं टेकून अशी रडली की माझ्याच्यानं तिला धरवेना. आता तिच्यापाशी तुझ्यावर रागवायला काही उरलं नव्हतं, दादा. तू तुझ्या हावेनं गेलास असं ती धरून बसली होती आणि तेवढा एक आधार तिला होता. तो तुझ्या मिठानं काढून घेतला. मीही रडले. मी तुला खोटा म्हटलं होतं आणि तू "बरं" एवढंच म्हणून फोन ठेवला होतास, त्यासाठी रडले. तू खरा निघालास म्हणून मला आनंद झाला होता, आणि तो आनंद सांगायला तू नव्हतास, त्यासाठी रडले.

आवाज ऐकून प्रशांत धावत आला. दारात उभा राहून आधी आईकडे, मग माझ्याकडे बघू लागला. त्याच्या पायाशी सोडलेले कागद पडले होते.

"आत्या, काय झालं? आईले काय झालं?"

मी त्याला जवळ बोलावलं, एक वडी सोडली आणि त्याच्या तोंडात घातली. त्यानं तोंड वेडंवाकडं केलं, काही बोलणार होता, मी त्याचा हात घट्ट धरला.

"थुकू नको," मी म्हटलं. "तुह्या बापानं शब्द पाळला होता. त्याची चव अशी हाय."